तीन मीटर पाणी

नंदकुमार सुर्व्यांनी बोट घेतली ती बोटीसाठी नव्हेच, बोटीवरच्या यंत्रासाठी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे घडलं ते पाहून बेलापूरच्या नीलमोहर सोसायटीत पुष्कळांनी 'उतारवयात समुद्राचं वेड लागलं' असं निदान केलं, आणि ते साफ चुकीचं होतं. समुद्राशी सुर्व्यांचं काही देणंघेणं नव्हतं. समुद्र त्यांना लागत असे.

तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांची सारी हयात कंट्रोल रूमच्या काचेआड गेली. बाहेर टाकीतून भसाभस वाफ निघते आहे आणि आत काटा म्हणतो आहे की टाकी थंडगार आहे, असा प्रसंग आला तर सुर्वे काट्याच्या बाजूने उभे राहत. 'माणूस थापा मारतो, मीटर मारत नाही' हे वाक्य त्यांनी इतक्या पिढ्यांना ऐकवलं होतं की निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी ते केकवर लिहून घेतलं. केक लहान पडला. त्यामुळे 'माणूस थापा मारतो – सुर्वेसाहेबांना शुभेच्छा' एवढंच मावलं, आणि तो फोटो अजून त्यांच्या हॉलमध्ये आहे.

तर वाशीचे एक गृहस्थ मुलाकडे परदेशी कायमचे निघाले होते आणि त्यांना आपली छोटी फायबरची मोटरबोट विकायची होती. सुर्वे नुसते सोबत म्हणून एका मित्राबरोबर बघायला गेले. त्या गृहस्थांनी पडद्यावर एका जागी बोट ठेवलं, 'ऑटो' असं लिहिलेलं बटण दाबलं आणि चाक आपोआप फिरलं. कोणी हात लावलेला नसताना. मित्राला बोट पसंत पडली नाही. सुर्वे मात्र रात्रभर ते चाक आठवत राहिले.

'बोट' हा शब्द ऐकल्यावर सुर्व्यांच्या पत्नी चारुलताबाईंनी आधी गॅस बंद केला. मग हात पुसले, मग खुर्चीवर बसल्या आणि मग म्हणाल्या, "पुन्हा सांगा."

पुन्हा सांगूनही त्यात काही सुधारणा झाली नाही.

बोट पाण्यात उतरण्याआधी डागडुजीसाठी काही दिवस सोसायटीत आली. ट्रेलरवर बसून आली आणि पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. वॉचमनने रजिस्टरात तिची नोंद 'पाहुणे' म्हणून केली आणि 'कोणाकडे' या रकान्यात 'सुर्वे' लिहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरी गीतांजली प्रधान यांना हे मान्य नव्हतं. पाहुण्यांच्या जागेत वाहन चालेल, पण हे वाहन आहे का, असा त्यांचा मुद्दा होता. सुर्व्यांनी सांगितलं की पाण्यात ते वाहन आहे. बाईंनी विचारलं की पार्किंगमध्ये पाणी आहे का. यावर पावसाळ्यात असतं, असं सुर्वे म्हणाले, आणि ते खरं असल्यामुळे वातावरण आणखी बिघडलं.

शेजाऱ्यांनी मात्र मन मोकळं करून सल्ले दिले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी बोटीचा रंग बदलायला सांगितला, कारण पांढऱ्या रंगावर मासे चिडतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी बोटीला मागचा आरसा नाही याकडे लक्ष वेधलं. कोणी लिंबू-मिरची बांधून गेलं. चाळिशीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांना पोहता येत नव्हतं, सुर्व्यांना पोहायला शिकवायची तयारी दाखवली.

आणि मग परवाना. ज्या कार्यालयात सुर्वे गेले तिथल्या कारकुनाने बोटीच्या पत्त्याचा पुरावा मागितला. सुर्वे म्हणाले, बोट दिवाळे गावच्या जेट्टीला राहणार. तर जेट्टीचं भाडेपत्र आणा. जेट्टी भाड्याने घेतलेली नाही म्हटल्यावर कारकून हताश झाला. त्याने चष्मा काढला आणि अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "मग ती बिचारी राहते कुठे?" त्या प्रश्नाने सुर्व्यांना पहिल्यांदाच बोटीबद्दल जबाबदारी वाटली. शेवटी त्यांनी स्वतःचं लाईटबिल जोडलं. आजही कागदोपत्री ती बोट नीलमोहरच्या चौथ्या मजल्यावर राहते.

दिवाळे कोळीवाड्यात चांगदेव नावाचा तरुण जेट्टीवरच्या बोटी सांभाळत असे. सुर्व्यांचं यंत्र पाहून तो इतका हरखला की वल्हं, वारा, पाणी या सगळ्यांवरचा त्याचा विश्वास एका दुपारीत उडाला. तोही आपल्या होडीत मोबाइल अडकवून त्यावरच्या बाणामागे जाऊ लागला. त्याच्या आईला, धोंडूबाईंना, हे बिलकूल आवडलेलं नव्हतं, पण त्यांना मोबाइलही आवडत नसे आणि सुर्वेही.

इथवर सगळं आटोपशीर होतं. प्रकरण चिघळलं ते जगदाळ्यांमुळे.

सुर्व्यांची मुलगी वैदेही पुण्यात नोकरीला होती आणि तिने शिवतेज जगदाळे नावाचा मुलगा स्वतःच पसंत केला होता. मुलगा सालस, हसरा, नाव ठेवायला जागा नाही असा. अडचण होती त्याच्या वडिलांची. रावसाहेब जगदाळे बार्शीकडचे. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे आणि अत्यंत कमी बोलणारे. कोकणातली माणसं, मासे खाणारी, मुंबईकडे वाढलेली मुलगी, हे त्यांच्या पचनी पडलेलं नव्हतं. मुलाने खूप मनधरणी केल्यावर त्यांनी फोनवर सुर्व्यांना "येतो. बघू," एवढंच सांगितलं. त्यातल्या 'बघू'ने चारुलताबाईंची झोप उडाली.

जगदाळे रविवारी येणार म्हणून चारुलताबाईंनी पडदे धुतले, चांदीच्या वाट्या काढल्या, मासे आठवडाभर घरात येऊ दिले नाहीत. आणि शुक्रवारी सुर्व्यांनी जाहीर केलं की पाहुण्यांना बोटीने घारापुरीला न्यायचं.

त्यांचं म्हणणं असं की घरात बसून माणसं एकमेकांना पडद्यांचे रंग विचारतात. चारुलताबाईंचं म्हणणं असं की विचारू देत, पडदे धुतलेत. वाद झाला. पण रावसाहेब इंजिनियर आहेत, त्यांना यंत्राची कदर असणार, या एका मुद्द्यावर सुर्वे अडून बसले आणि चारुलताबाई शेवटी नवऱ्याकडे नाही, तर देवाकडे बघून बरं म्हणाल्या.

मार्गशीर्षातली ती सकाळ फार सुरेख होती. हवेत गारवा, खाडीवर विरळ धुकं. रावसाहेब पांढऱ्याशुभ्र शर्टात आले होते. लाइफ जॅकेट त्यांच्या पोटावर बंद होईना, तेव्हा सत्कारात मिळालेल्या शालीसारखं ते त्यांनी खांद्यावर घेतलं. त्यांच्या पत्नीचं नाव क्रांती. वडील चळवळीतले, म्हणून ते नाव. बाई मात्र नावाच्या अगदी उलट, शांत. त्यांनी पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या. शिवतेजने वातावरण हलकं व्हावं म्हणून एक चांगला दणकट ब्लूटूथ स्पीकर आणला होता. तो इकडेतिकडे घरंगळू लागला, तेव्हा त्याने तो चाकाजवळच्या खणात नीट बसवला. वैदेहीने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. किती व्यवस्थित मुलगा.

जेट्टीपाशी पाणी कमी, त्यामुळे निघताच यंत्र खोली कमी असल्याची शिट्टी देऊ लागलं. प्रत्येक शिट्टीला क्रांतीताई दचकून "काय झालं?" विचारत. पाहुण्यांना त्रास नको म्हणून सुर्व्यांनी शिट्टी बंद केली. मग रावसाहेबांना सगळा प्रवास एका नजरेत दिसावा म्हणून पडद्यावरचा नकाशा लहान करत करत इतका लहान केला की बोटीचं चिन्ह आख्ख्या खाडीएवढं झालं. त्यांनी घारापुरीवर बोट ठेवलं. 'ऑटो' दाबलं. आणि जादूगार करतात तसे दोन्ही हात वर केले.

चाक आपोआप फिरलं.

रावसाहेबांनी चाकाकडे पाहिलं, सुर्व्यांच्या हातांकडे पाहिलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. ते खूश झाले की कसं हे कळायला मार्ग नव्हता. सुर्वे मात्र इतके खूश झाले की बोट जात होती त्या दिशेला पाठ करून, पाहुण्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि उपग्रहांविषयी बोलू लागले. आकाशात ते कसे फिरतात, आपल्याला कसे बघतात, आपण कुठे आहोत हे आपल्यापेक्षा त्यांना कसं जास्त ठाऊक असतं. मधून मधून ते पडद्यावर नजर टाकत. दिशेचा आकडा रेसभरही हलत नव्हता. सुर्व्यांना गहिवरून आलं.

आता गंमत अशी की समोर बघणारे सगळे पाहुणे होते, आणि पाहुण्यांनी यजमानांचं बोलणं मध्येच तोडू नये अशी आपल्याकडे रीत आहे. किनारा जरा जवळ येतोय असं चारुलताबाईंना वाटलं, पण आज नवऱ्याचा शब्द पाहुण्यांसमोर खाली पडू द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. क्रांतीताईंनी डबा आणखी घट्ट धरला. शेवटी रावसाहेबांनीच घसा खाकरला.

"सुर्वेसाहेब, इथं पाणी किती म्हणायचं?"

सुर्व्यांनी पडद्यावरच्या लहान केलेल्या नकाशात छापलेला आकडा वाचला. "तीन मीटर."

रावसाहेब थोडा वेळ समोर बघत राहिले. "मग ही पाखरं केवढी असतील?"

सुर्वे वळले. समोर गुलाबी रोहित पक्ष्यांचा मोठा थवा होता. पक्षी पोहत नव्हते, उडत नव्हते. उभे होते. त्यांच्या नडग्यासुद्धा पुरत्या भिजलेल्या नव्हत्या.

सुर्व्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तीन मीटर. पुन्हा पक्ष्यांकडे पाहिलं. आयुष्यभराच्या निष्ठेचा प्रश्न होता, त्यामुळे निर्णय लगेच होईना, आणि तेवढ्यात बोट बसली. थांबली म्हणणं बरोबर होणार नाही. म्हैस बसते तशी, हुस्स करून, मन लावून बसली. चारुलताबाईंनी सोबत आणलेल्या चांदीच्या वाट्या खणखणल्या, आणि रावसाहेब बसल्या जागेवरून सुटून थेट सुर्व्यांच्या छातीवर आले. जगदाळे आणि सुर्वे घराण्यांची ती पहिली गळाभेट.

यानंतर सुर्व्यांनी जे केलं ते कोणीही करू नये. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला. मागून काळ्याभोर चिखलाचं कारंजं उडालं आणि वाऱ्याची दिशा अशी होती की ते बरोबर रावसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर येऊन विसावलं.  मिशीवरचा चिखल रावसाहेबांनी रुमालाने टिपला, रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या घडीकडे बघून चारुलताबाईंना रडू आलं.

ओहोटी होती. बघता बघता उरलंसुरलं पाणी निघून गेलं. बोट एका अंगावर कलली आणि चहूकडे नुसता चकाकता चिखल, त्यात पळणारे खेकडे आणि दूरवर पाण्याची एक रेघ राहिली. यंत्र मात्र आपल्या कामाला चुकलं नव्हतं. चाक अजून गिर्र गिर्र करत बोटीला घारापुरीकडे नेत होतं. अखेर वैदेहीने हळूच हात पुढे करून ते बंद केलं.

सुर्व्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने अगत्याने पिनकोड विचारला. मग विचारलं, तुम्ही पाण्यात आहात की जमिनीवर? पाण्यात असाल तर आमच्याकडे, जमिनीवर असाल तर पोलिसांकडे. सुर्वे सरळ मनाचे गृहस्थ. त्यांनी बोटीबाहेर वाकून सगळीकडे नीट पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की ठरवता येत नाही. पलीकडचा माणूस म्हणाला, ठरलं की कळवा.

मग त्यांनी चांगदेवला आपलं लोकेशन पाठवलं. निदान त्यांना तसं वाटलं. घाबरलेल्या बोटांनी ते आधी सोसायटीच्या ग्रुपवर गेलं. क्षणात सल्ल्यांची भरती आली. सगळ्यांनी एका बाजूला बसा. सगळ्यांनी दुसऱ्या बाजूला बसा. चावी काढून पुन्हा लावा. आजोबांनी मागच्या आरशाची आठवण करून दिली. गीतांजली प्रधान यांनी विचारलं की म्हणजे बोट यापुढे पार्किंगमध्ये येणार नाही, असं गृहीत धरायचं का. सुर्व्यांनी फोन उलटा ठेवला. वैदेहीने तो हळूच घेऊन लोकेशन चांगदेवला धाडलं.

चांगदेव लगेच निघाला. तो आणि धोंडूबाई त्या दिवशी उरणकडे नातलगांच्या घरी जायला जेवणाचं पातेलं घेऊनच होडीत बसले होते. बोटीवरच्या सगळ्यांना होडी लांबून दिसली आणि हायसं वाटलं. पाण्याच्या रेघेवरून ती झपाट्याने येत होती. रेघ एका बाजूला वळली. होडी वळली नाही. चांगदेवची नजर मोबाइलमधल्या बाणावर होती आणि बाण सरळ सुर्व्यांवर रोखलेला होता. होडी तशीच चिखलात शिरली, थोडी घसरली आणि सुर्व्यांच्या बोटीपासून हाकेच्याही आत येऊन रुतली.

चांगदेवने मोबाइलवरची नजर वर उचलली.

"काका," चांगदेव म्हणाला, "तुमीच लोकेशन टाकलात. मी सरल त्याच्यावर आलो."

धोंडूबाईंनी मुलाकडे पाहिलं, सुर्व्यांकडे पाहिलं. दोघांचं एकदमच काय करावं हे त्यांना सुचेना. पाणी परत यायला दुपार कलणार, हे त्यांनी सांगितलं आणि मग उरणला जायचं पातेलं आता उरणला जात नाही, हे ओळखून त्या कासोटा घट्ट करून पातेल्यासकट चिखलात उतरल्या. चार पावलं बऱ्या आल्या. पाचव्याला गुडघ्यापर्यंत गेल्या. पातेलं डोक्याच्या वर धरून तिथेच उभ्या राहिल्या.

पुरुष मंडळी काय करावं याची चर्चा करू लागली. रावसाहेबांनी जमिनीच्या भारवहन क्षमतेचा उल्लेख केला. तेवढ्यात सगळ्यांच्या मागून क्रांतीताई उठल्या. पुरणपोळ्यांचा डबा त्यांनी चारुलताबाईंच्या हातात दिला, पदर खोचला आणि कोणाला काही न विचारता बोटीवरून खाली उतरल्या. त्याही गुडघाभर गेल्या. एक चप्पल तिथेच राहिली, दुसरी पुढच्या पावलाला राहिली. त्यांनी पातेल्याचा एक कान धरला, धोंडूबाईंनी दुसरा, आणि दोघीजणी चिखलात एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग क्रांतीताईंना हसू फुटलं. आधी खुदकन, मग पोट धरून, मग पातेलं हिंदकळायला लागलं इतकं. धोंडूबाईही हसायला लागल्या.

रावसाहेब बघत राहिले. "ही अशी हसते?" असं ते स्वतःशीच पुटपुटले, ते फक्त सुर्व्यांना ऐकू आलं.

पातेलं मध्ये धरून दोघी कशाबशा बोटीपाशी पोहोचल्या, तेव्हा चारुलताबाईंनी त्यांना वर ओढून घेतलं आणि जेवणं मांडली. पातेल्यात कोलंबीचं कालवण आणि तळाशी केळीच्या पानात बांधलेले तळलेले बोंबील होते. आठवडाभर मासे घराबाहेर ठेवल्याचं चारुलताबाईंना आठवलं आणि त्यांनी भीतभीत रावसाहेबांकडे पाहिलं. पण माणूस सकाळपासून उपाशी होता. चांदीच्या वाटीत त्यांनी नुसतं चाखण्यापुरतं कालवण घेतलं. मग पुरणपोळी त्यात बुडवली. चारुलताबाईंनी डोळे मिटले. रावसाहेबांनी वाटी पुढे केली आणि आणखी मागितलं. थोड्या वेळाने चिखलाने बरबटलेला तो मोठा माणूस कललेल्या बोटीत मांडी घालून चांगदेवला धरणाचे दरवाजे कसे उघडतात ते बोंबलाने दाखवत होता, आणि चांगदेव आपल्या होडीतून ओरडून मधूनच शंका विचारत होता. क्रांतीताई धोंडूबाईंकडून नऊवारीचा कासोटा शिकत होत्या.

सुर्वे मात्र जेवले नाहीत. ते यंत्रापुढे बसून होते. दिशेचा आकडा शेवटपर्यंत बरोबर होता, मग बोट इकडे आली कशी, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. शिवतेज त्यांना ताट द्यायला आला. जागा व्हावी म्हणून त्याने खणातला स्पीकर उचलून बाजूला ठेवला.

पडद्यावरचा आकडा झर्रकन फिरला.

बोट चिखलात खिळलेली. केसाइतकीही हललेली नाही. आणि दिशा बदलली. सुर्व्यांनी स्पीकर हातात घेतला, खणापाशी नेला. आकडा फिरला. दूर नेला. आकडा परत आला. खणाच्या मागे यंत्राचं होकायंत्र बसवलेलं होतं आणि स्पीकरमध्ये चांगलं जाडजूड चुंबक होतं. सकाळपासून यंत्र बिचारं त्या चुंबकाला उत्तर दिशा समजून चाललं होतं.

सुर्व्यांच्या अंगातून आनंदाची लहर गेली. मीटर खोटं बोललं नव्हतं. त्याला फसवलं होतं. आता फक्त उभं राहून मोठ्याने सांगायचं होतं. सकाळपासून गेलेली सगळी अब्रू एका वाक्यात परत येणार होती. त्यांनी वर पाहिलं. शिवतेजला सगळं कळलेलं होतं. ताट हातात तसंच धरून तो उभा होता, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. मागून वैदेही दोघांकडे बघत होती. तिलाही कळलं होतं.

नेमकं तेव्हाच रावसाहेबांनी विचारलं, "पण सुर्वेसाहेब, हे झालं कसं, ते कळलं का?"

 सुर्व्यांनी स्पीकर मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर आपली टोपी ठेवली.

"मशीन चुकलं," ते म्हणाले.

चारुलताबाईंचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आणि मी मशीनकडे बघत बसलो," सुर्वे पुढे म्हणाले. "समोर बघायचं सोडून. नकाशा नको इतका लहान केला, शिट्टी बंद केली. तुमच्यापुढे मिरवायचं होतं मला."

"नाही बाबा," शिवतेज मध्येच म्हणाला. तो आपल्या वडिलांशी बोलत होता. "मशीन चुकलं नाही. स्पीकर माझा होता. मीच तो होकायंत्राजवळ ठेवला. काका मला सांभाळून घेतायत."

रावसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. मग टोपीखालून डोकावणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं. मग सुर्व्यांकडे बराच वेळ पाहिलं. चारुलताबाईंना तो वेळ फोनवरच्या त्या 'बघू'पेक्षाही मोठा वाटला. शेवटी ते वळले आणि धोंडूबाईंना म्हणाले, "मावशी, सुपारी आहे का?"

धोंडूबाईंच्या कनवटीला चंची होतीच. "हाय की," म्हणत त्यांनी सुपारी काढली, अडकित्त्यात धरली आणि दाबली. कट्ट असा आवाज झाला. त्या उघड्या खाडीवर तो चांगला मोठा वाजला.

क्रांतीताई म्हणाल्या, "अहो, फुटली."

"काय?"

"सुपारी. दोन्ही घरची माणसं बसलीत, मुलगा-मुलगी समोर आहेत, गोड झालंय. आता आणखी काय राहिलं?"

रावसाहेबांनी तळहातावरच्या सुपारीकडे पाहिलं. खरोखर त्यांना जेवणानंतर फक्त सुपारी हवी होती की आणखी काही, हे त्यांनी पुढे कधीच कोणाला सांगितलं नाही. त्यांनी एक खांड सुर्व्यांच्या हातावर ठेवलं, एक स्वतःच्या तोंडात टाकलं, आणि म्हणाले, "घ्या, व्याही."

मग एकच गडबड उडाली. चारुलताबाई रडत क्रांतीताईंच्या गळ्यात पडल्या आणि क्रांतीताईंच्या अंगावरचा सगळा चिखल त्यांच्या नव्या साडीला लागला. चांगदेवने आपल्या होडीतून शिट्टी मारली. वैदेही आणि शिवतेज पाया पडायला वाकले, आणि बोट कललेली असल्यामुळे नक्की कोणाच्या पाया पडले ते कोणालाच कळलं नाही. उरलेल्या पुरणपोळीचे तुकडे तोंडातोंडात गेले. सुर्व्यांना एकाएकी सडकून भूक लागली आणि ते पातेलं पुढ्यात ओढून जेवायला बसले.

जेवता जेवता त्यांचं लक्ष किनाऱ्याकडे गेलं. खारफुटीची झाडं हळूहळू मागे सरकत होती. ते घास तोंडात ठेवून बघत राहिले. झाडं आपणहून चालत नाहीत. याचा अर्थ बोट चालली होती. पाणी केव्हाच परत आलं होतं, बोट सरळ होऊन तरंगायला लागली होती आणि या सगळ्या आनंदात ती कोणाच्याही ध्यानात न येता, पाण्याबरोबर आरामात घराकडे निघाली होती. चांगदेवची होडीही शेजारून डुलत येत होती. धोंडूबाई अजून याच बोटीत आहेत, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

सुर्वे चाकाशी जायला उठले, तर रावसाहेब आधीच तिथे उभे होते. त्यांनी चाकाला हात लावला नव्हता. जन्मभर त्यांनी पाणी अडवलं, सोडलं, मोजलं, वळवलं, पण त्याच्यावर बसण्याची वेळ कधी आली नव्हती. मिशांच्या आड ते जरा लाजल्यासारखे दिसत होते.

"मी धरू का थोडा वेळ?"

सुर्व्यांनी इंजिन चालू केलं आणि बाजूला होऊन जागा दिली. रावसाहेबांनी चाक धरलं, बैलगाडीचा कासरा धरावा तसं, आणि बोट नागमोडी चालू लागली. क्रांतीताई अनवाणी पायांनी पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हाताने डावं-उजवं दाखवू लागल्या. रावसाहेब आयुष्यात पहिल्यांदाच बायको सांगेल तसे वळत होते. उन्हं तिरपी झाली होती. रोहित पक्षी आता उडाले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून गेले, तेव्हा आभाळ घटकाभर गुलाबी झालं.

दिवाळ्याच्या जेट्टीवर नीलमोहर सोसायटी लोटली होती. ग्रुपवरचं लोकेशन पाहून सगळे धावले होते. कोणी दोर आणला होता, कोणी थर्मास, आजोबांनी खरोखरच एक आरसा आणला होता. सर्वांच्या पुढे गीतांजली प्रधान उभ्या होत्या आणि डोळ्यांवर हात धरून माणसं मोजत होत्या. सगळी दिसल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि त्याच हाताने पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

वैदेहीने बोटीतूनच ओरडून सांगितलं की लग्न ठरलं. जेट्टीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. रावसाहेबांनी एका हाताने चाक धरून दुसरा हात उंच केला आणि मंत्र्यांनी स्वीकारावं तसं लोकांचं अभिवादन स्वीकारत स्वीकारत बोट जेट्टीपाशी आणली, जेट्टीवरून पुढे नेली, आणि जेट्टी मागे पडली.

"व्याही," समोर बघतच ते म्हणाले, "ही थांबवायची कशी, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

सुर्व्यांनी सांगायला तोंड उघडलं. पण पुढे उभ्या असलेल्या क्रांतीताईंनी मागे वळूनही न बघता हात डावीकडे केला.

"राहू दे हो," त्या म्हणाल्या, "आणखी एक चक्कर मारू."